दुरुस्तीला आलेल्या गिटारवरचा ओरखडा कोणाचा?

गिटार दुरुस्त होऊन घरी जाते. तारा सुरात लागलेल्या असतात, फ्रेटची खरखर गेलेली असते, मजुरीही चुकती झालेली असते. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात मालकाला पाठीवर ओरखडा दिसतो, नाहीतर घोडीजवळचे पॉलिश उडालेले दिसते. तो तडक दुकानात येतो. कारागीर म्हणतो, हे आधीचेच. गिऱ्हाईक म्हणते, आधी नव्हते. पुरावा दोघांकडेही नाही.

अशा वेळी "आवाजात तर फरक पडला नाही ना?" हे उत्तर पुष्कळ कारागीर देतात. ते चालत नाही. जुनी गिटार विकायला काढली की घेणारा प्रथम तिचे अंग पाहतो, मग वाजवून बघतो. रूप बिघडले तर किंमत उतरते, म्हणून हे नुकसान खरेच नुकसान आहे.

बहुतेक ओरखडे निष्काळजीपणापेक्षा घाईने पडतात. फ्रेट घासताना कानस घसरते. नवी तार कापली की तिचे तुटके टोक सुईसारखे असते. ते उसळून लाकडावर रेघ ओढते. टेबलावर आधीच्या कामाचा लोखंडी कीस राहिलेला असतो आणि त्यावरच गिटार उताणी ठेवली जाते. हा ओरखडा कारागिराला दिसतच नाही, कारण तो पाठीवर असतो. मेपल लाकडाच्या काही गळ्यांवर फ्रेटच्या पट्टीलाही लॅकर असते. तिथे चिकटपट्टी लावून ती झटक्यात ओढली की लॅकरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो. इन्स्टंट गोंदाचा थेंब पडला तर घाबरून फडक्याने पुसू नये. पुसल्याने तो पसरतो. थेंब पूर्ण वाळू द्यावा आणि मग हलक्या हाताने तासून सपाट करावा.

खरी मेख पॉलिशच्या जातीत आहे. हाताने बनवलेल्या काही क्लासिकल गिटारवर लाखेचे पॉलिश असते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांच्या कामात ज्यांचा हात तयार झाला, त्यांना ते नवे नाही. हे पॉलिश स्पिरिटने विरघळते. जुन्या अमेरिकन गिटारांवर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असते. त्याला थिनर आणि नेलपॉलिश काढायचे अॅसिटोन चालत नाही. आजच्या बहुतेक कारखानी गिटारांवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असते. ते कठीण आणि सोशिक. नायट्रो लॅकरचे आणखी एक दुखणे असे की रबर किंवा रेक्झिनच्या स्टँडवर गिटार टेकवून ठेवली तर काही दिवसांत तिथे चिकट डाग उठतो. "आम्ही हातसुद्धा लावला नाही" असे दुकानदार सांगतो. ते खरेही असते, पण डाग त्याच्याच स्टँडचा असतो! स्टँडवर सुती कापड गुंडाळले की प्रश्न मिटतो.

जुना ओरखडा आणि नवा यांतला फरक बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की पुष्कळदा कळतो. जुन्या ओरखड्यात मळ आणि घाम बसलेला असतो, कडा गुळगुळीत झालेल्या असतात. नव्याचे तळचे लाकूड स्वच्छ आणि फिकट दिसते. पाठीच्या मधोमध झालेली घासण बहुधा वाजवणाऱ्याच्या पट्ट्याच्या बकलाची असते. थंडी-उष्णतेच्या फरकाने लॅकरला पडणाऱ्या केसासारख्या भेगा तर कोणीच पाडलेल्या नसतात.

दोष आपला ठरला तर मालकाला विचारल्याशिवाय डागडुजी करू नये. लाख आणि नायट्रो यांचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून तिथला डाग चांगला बुजतो. पॉलियुरेथेनमध्ये तसे होत नाही. खळगा इन्स्टंट गोंदाने भरून, बारीक पॉलिश पेपरने सपाट करून चमक आणावी लागते, आणि कड थोडी दिसतच राहते. हे आधीच सांगून टाकावे. जुन्या, नावाजलेल्या गिटारला अख्खे नवे पॉलिश चढवण्याचे औदार्य मात्र कोणी दाखवू नये. मूळ पॉलिश गेले की तिची किंमत ओरखड्याने उतरली नसती इतकी उतरते.

आता कायदा. दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत आहे, आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेही ती तशीच धरली आहे. शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी दुकानदाराने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले तर, वेगळा करार नसल्यास, कलम १५२ प्रमाणे तो जबाबदार नाही. पण वस्तू ताब्यात असताना बिघडली असे दिसले, तर काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार दुकानदारावर येतो. दुसऱ्या बाजूने, केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कलम १७० त्याला देते. उधारीचे ठरले असेल तर मात्र नाही.

गिऱ्हाईक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाऊ शकते, आणि ते स्वतः राहते त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पावती न देणे हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा "ओळखीचे गिऱ्हाईक, पावती कशाला?" ही सवय सोडलेली बरी.

गिटार घेताना ती मालकासमोर पेटीतून काढावी. पुढून, मागून, कडांवरून आणि डोक्याकडून मोबाइलवर फोटो घ्यावेत आणि ते त्याच्याच मोबाइलवर पाठवावेत. पावतीवर "पाठीवर दोन जुने ओरखडे, खालच्या कडेला टवका" असे लिहून सही घ्यावी. देताना पैसे घेण्याआधी ती दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात, त्याच्याच हातात द्यावी आणि पाहायला वेळ द्यावा. पावतीची दुसरी प्रत निदान दोन वर्षे जपून ठेवावी, कारण आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तेवढी आहे.