बियॉन्सेचा बँजो आणि आपली हलगी

ग्रॅमीची बातमी आपल्याकडे पोहोचली ती भारतीय वंशाच्या चंद्रिका टंडन यांच्या नावाने. साहजिकच आहे. आपलं माणूस जिंकलं की बाकीचा सोहळा आतल्या पानावर जातो. पण २ फेब्रुवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये झालेली मोठी गोष्ट बियॉन्सेची होती. तिच्या ‘काउबॉय कार्टर’ला वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवलं गेलं आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा मानही तिलाच मिळाला. कंट्रीचा हा पुरस्कार कृष्णवर्णीय कलावंताला मिळण्याची ही पहिलीच वेळ. कंट्री म्हणजे टोपी, घोडा, ट्रक आणि गोरा शेतकरी, असं पक्कं गणित असलेल्या मंडळींना तो झोंबला. समाजमाध्यमांवरचा तो धुरळा तुम्ही पाहिला असेलच, त्यात मी भर घालत नाही.

मला बोलायचं आहे ते त्या अल्बममधल्या ‘टेक्सास होल्ड ’एम’ या गाण्यातल्या बँजोविषयी. तो रियानन गिडन्स वाजवते. ही बाई गेली वीसेक वर्षं एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगते आहे: बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आलं, गुलामांनी आणलं, आणि गोऱ्यांनी ते घेतलं तेव्हा सोबत त्यांचा चेहराही घेतला. नॉर्थ कॅरोलिनातल्या जो थॉम्पसन या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन ती आणि तिचे सोबती जुनी गाणी शिकले, ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ नावाचा ताफा उभा केला. २०१७ मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, २०२३ मध्ये ‘ओमर’ या ऑपेरासाठी पुलित्झर.

तिच्या हातात अनेकदा दिसतो तो बँजो १८५८ च्या नमुन्यावर बेतलेला आहे. पडदे नाहीत, कातडं चढवलेलं, आवाज खर्जातला. त्याच्याही आधीचा बँजो म्हणजे भोपळ्याचं टरफल, त्यावर ताणलेलं कातडं आणि काठीची मान. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबियाच्या पट्ट्यात ‘अकोंटिंग’ नावाचं त्याचं भावंड आजही वाजतं. वाजवायची रीत बघण्यासारखी आहे. नखाने लांब तारेवर वरून खाली आघात, आणि लगेच अंगठा आखूड तारेवर. ती आखूड तार सूर बदलत नाही, टुणटुण करत राहते. आपल्याकडे हे काम तुणतुणं करतं. पाऊसपाण्यात कातडं ढिलं पडलं की ते शेकावं लागतं, आणि हे तर हलगीवाल्याला सांगायलाच नको. मिरवणुकीआधी रस्त्याच्या कडेला पाचट-कागद पेटवून हलगी तापवणारी पोरं आपल्या शहरात कुणी पाहिली नाहीत? (त्याच मिरवणुकीत वाजतो तो आपला ‘बेंजो’ मात्र वेगळ्या घराण्यातला. तो जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालेल्या तैशोगोतोचा वारसदार. नाव अमेरिकेचं, हाड जपानचं, ताल भीमनगरचा.)

मग हे वाद्य गोऱ्या कंट्रीवाल्यांचं झालं कसं? मधे मिन्स्ट्रेल शो आला. १८३० च्या आसपास टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, फाटके कपडे घालून ‘जिम क्रो’ नावाचं सोंग नाचू लागला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी भागात ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’च्या चौघांनी पूर्ण कार्यक्रमच तसा केला: बँजो, फिडल, खंजिरी आणि बोटांत धरून वाजवायच्या हाडांच्या पट्ट्या. पुढे रचना ठरली. अर्धवर्तुळात खुर्च्या, मधे शुद्ध इंग्रजी बोलणारा सूत्रधार, दोन टोकांना खंजिरीवाला ‘टॅम्बो’ आणि हाडंवाला ‘बोन्स’. सूत्रधाराने भारदस्त प्रश्न विचारायचा, टोकाच्या दोघांनी त्याचा कचरा करायचा. तमाशातली बतावणी पाहिलेल्या माणसाला हा साचा ओळखीचा वाटेल.

फरक आहे तो हसण्याच्या दिशेत. आपला सोंगाड्या पाटलाची, राजाची, कधी प्रेक्षकांत पुढे बसलेल्या सरपंचाची टोपी उडवतो. मिन्स्ट्रेलमध्ये मालकाच्या जातीचा माणूस गुलामाचं सोंग घेऊन गुलामालाच हसतो. आणि हे दक्षिणेतल्या मळ्यांवर घडत नव्हतं, उत्तरेतल्या शहरांत घडत होतं. ‘ओह! सुझाना’ लिहिणारा स्टीफन फॉस्टर पेनसिल्व्हेनियाचा. ‘डिक्सी’ बसवणारा डॅन एमेट ओहायोचा, आणि त्याच ‘डिक्सी’ला गुलामीसाठी लढणाऱ्या दक्षिणेने आपलं गाणं मानलं. त्या राइसच्या सोंगाचं नाव पुढे वर्णभेदाच्या कायद्यांनाच चिकटलं.

यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांचे स्वतःचे मिन्स्ट्रेल ताफे निघाले. प्रेक्षकांना मात्र सवय काजळीची लागली होती. त्यामुळे काळ्या माणसाला काळा दिसण्यासाठी तोंड काळं करावं लागे. बर्ट विल्यम्स हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय कृष्णवर्णीय विनोदवीर, १९१० पासून ब्रॉडवेवरच्या ‘झीगफेल्ड फॉलीज’मध्ये गोऱ्या नटांबरोबर उभा राहणारा, तोही काजळीतच. याच ताफ्यांतून ब्लूजचा रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी घडला, गायिका मा रेनी गायली, ब्लूज गाणारी कोवळी बेसी स्मिथ मार्गाला लागली. ब्लूज, रॅगटाइम, त्यामागून जॅझ आणि रॉक, ही सगळी गंगा ज्या घाटावरून वाहिली तो घाट इतका घाण होता. अमेरिकन अभ्यासक यावर अजून भांडताहेत. भांडोत बापडे.

आपला या भानगडीशी संबंध काय, असं वाटत असेल तर डेव्ह कार्सन हे नाव ऐका. १८६० च्या दशकात हा अमेरिकन मिन्स्ट्रेल भारतात आला आणि इथलाच झाला. मुंबई-कलकत्त्यात त्याचे खेळ गाजले. काजळी तीच, सोंग फक्त बदललं. गुलामाच्या जागी बंगाली बाबू आला. ‘द बेंगाली बाबू’ हे त्याचं गाजलेलं गाणं, आणि जाहिरातीत शब्द असत ‘डेव्ह कार्सन साहिब का पक्का तमाशा’. १८७३ मध्ये कलकत्त्याच्या अर्धेंदुशेखर मुस्तफी या नटाने त्याला जशास तसं उत्तर दिलं: ‘मुस्तफी साहिब का पक्का तमाशा’, ज्यात खिल्ली साहेबाची होती. ज्याची नक्कल केली जाते तो उलटून नक्कल करू शकतो, फक्त त्याच्याकडे थिएटर हवं. मुस्तफींकडे ते होतं. मळ्यावरच्या गुलामाकडे नव्हतं.

आणि आपल्या महारा-मांगांच्या, कोल्हाट्यांच्या फडांकडे? इथे मामला गुंतागुंतीचा आहे. तमाशाला बुचाची काजळी लागली नाही, कारण रंगमंचावर तीच माणसं होती ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. पण पठ्ठे बापूरावांची गोष्ट घ्या. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. जात सोडून फडात आले, पवळा या महार कलावतीबरोबर उभे राहिले, लावणीसम्राट झाले. १९५० मध्ये त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्या सिनेमाचं नाव ‘पवळा’ नव्हतं.

याच बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली. महार बायकांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, हे त्यांचं म्हणणं. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून सुटलेला कृष्णवर्णीय पुढारीही आधी असाच कडक होता. १८४८ मध्ये त्याने आपल्या ‘नॉर्थ स्टार’ पत्रात काजळीवाल्या गोऱ्यांची सालटी काढली: निसर्गाने न दिलेला रंग चोरून हे लोक त्यावर पैसा कमावतात. पण वर्षभराने तो रॉचेस्टरमध्ये कृष्णवर्णीयांच्याच एका मिन्स्ट्रेल ताफ्याचा खेळ बघायला गेला. आवडला नाहीच. तरीही त्याने लिहिलं की काळा माणूस कुठल्याही रूपात गोऱ्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला तर काहीतरी पदरात पडतंच. बाबासाहेबांचा नकार आणि डग्लसची ती कचरत दिलेली सूट, यांतलं बरोबर कोणतं? मला विचाराल तर नकार. मात्र त्या नकाराची किंमत पवळेसारख्या बायकांनी मोजली, हेही बोललं पाहिजे.

ते बोलणाऱ्या बाईचं नाव शैलजा पाईक. येरवड्यात वाढलेल्या, आता सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनाही मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, गिडन्सला मिळाली होती तीच. त्यांच्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ च्या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रिया मध्यभागी आहेत. पुस्तक तीन शब्दांभोवती फिरतं, आणि तिन्ही आपलेच: अश्लील, अस्सल, माणुसकी. ‘अश्लील’ हा शिक्का नाचावर मारलेला दिसतो, पण उमटतो जातीवर. गंमत म्हणजे त्याच नाचाला ‘अस्सल मराठी मातीतली कला’ म्हणून मिरवायचं असलं की शिक्का पुसला जातो, आणि त्याच वेळी बाईही. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेच्या अटी घालून परवानगी दिली. दरम्यान १९४७ च्या ‘राम जोशी’ने लावणी पडद्यावर नेली, १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला. आज लावणी म्हटलं की सुलोचना चव्हाण, उषा मंगेशकर, बेला शेंडे आठवतात. तिघीही मोठ्या गायिका, पण फडातून आलेली एकही नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, नव्वदी उलटल्यावर.

काजळीचं म्हणाल तर ती आपल्याकडे आता आली आहे. ‘रंग माझा वेगळा’ मालिकेत गोऱ्या नायिकेला सावळी करून वर्षानुवर्षं सावळ्या रंगाचं दुःख मांडलं गेलं. सावळी नटी महाराष्ट्रात मिळाली नसेल, यावर कुणी विश्वास ठेवावा?

आपल्या शहराने, औरंगाबादने (आताचं छत्रपती संभाजीनगर), काळ्यांच्या आणि दलितांच्या कलेच्या या प्रश्नाकडे आधीच पाहायला हवं होतं, कारण धागा इथूनच जातो. १६१० मध्ये हे गाव खडकी म्हणून वसवलं ते गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर या हबशाने. त्यानेच बांधलेल्या भडकल दरवाजासमोर आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. अमेरिकेत पीएच.डी. करून आलेल्या म. ना. वानखेडेंनी मिलिंद महाविद्यालयातून कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे बोट दाखवलं, १९६७-६८ मध्ये इथे ‘अस्मिता’ आणि मग गंगाधर पानतावणे सरांचं ‘अस्मितादर्श’ सुरू झालं. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन नागसेनवनात पोहोचले. बेसी स्मिथ मात्र पोहोचली नाही. दलित साहित्याने काळ्यांची कादंबरी घेतली, कविता घेतली, गाणं राहिलं. माझा संशय असा की गाण्याचा विषय काढला असता तर तमाशाचा काढावा लागला असता, आणि ते घरातलं दुखणं होतं. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, बाईचा नाच वगळून.

बेसी स्मिथ १९३७ मध्ये गेली. तिच्या कबरीवर दगड बसला १९७० मध्ये, रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि आणखी एका बाईने पैसे घातले तेव्हा. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान घेऊन २००२ मध्ये हलाखीत गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

येत्या गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतील. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं सुपारी द्यायला येतील. भाव ठरण्याआधी ती विचारतील की सिनेमातल्या कोणत्या लावण्या आहेत, डान्सर किती, लाइट कसे. गण-गवळण थोडक्यात उरका, वग नको. मग ज्यांच्या आज्यांच्या पायांतून ती लावणी सिनेमात गेली, त्या पोरी मोबाइलवर सिनेमातली लावणी लावून तिची स्टेप न् स्टेप बसवतील.