सायकल कुठल्या सालात परत न्यायची?

अमळनेरच्या जुन्या घरांत मागच्या पडवीत किंवा जिन्याखाली अजूनही एखादी काळी, चोवीस इंची सांगाड्याची सायकल सापडते. सीटचं कातडं फाटून स्प्रिंगा वर आलेल्या, चेनकव्हर चेपलेलं, घंटीचा नुसता तळ उरलेला. घरातलं कोणीतरी तिच्यावरून प्रताप मिलच्या पाळीला गेलेलं असतं, कोणी शेतावर, कोणी दूध घालायला. भंगारवाला तिला किलोवर मोजतो, आणि भरतेही ती चांगली वीसेक किलो. पण हल्ली एखादा नातू आडवा येतो. विकायची नाही म्हणतो, नवी करून घेऊ म्हणतो. इथे खरा प्रश्न सुरू होतो, कारण नवी करायची म्हणजे तिला कुठल्या सालात परत न्यायचं, हे आधी ठरवावं लागतं.

त्यासाठी मुळात हे यंत्र काय आहे ते पाहू. आपण जिला नुसती 'सायकल' म्हणतो ती विलायती रोडस्टर. चाकं 28 इंची, टायर दीड इंच रुंद. चिमटा पुढे झुकलेला, त्यामुळे दगडधोंड्यांचा दणका हातापर्यंत येता येता निम्मा होतो. ब्रेकला तार नाही, लोखंडी दांड्या. मूठ दाबली की दांडी रबरी गुटके वर ओढते आणि ते रिमच्या आतल्या कडेला भिडतात. जुन्या सायकलीचे आरे मोजले तर पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 भरतात. बसणाऱ्याचा भार मुख्यतः मागच्या चाकावर पडतो, वर कॅरिअरवर पोतं किंवा डबलसीट माणूस असतो. ते आठ जादा आरे त्याच्यासाठी. मडगार्ड आणि टायर यांच्यात मोकळी जागाही पुष्कळ सोडलेली असते. खानदेशातली कपाशीची काळी जमीन मात्र त्या जागेलाही पुरून उरते. पावसाळ्यात रानातून सायकल काढली की चिखलाचे थर चढत जाऊन चाक जाम, मग काडीने उकरत बसा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्या.

हे यंत्र घडवणाऱ्यांची नावं सायकलीवरच कोरलेली असतात, फक्त वाचता यायला हवीत. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण दिसली तर ती बीएसए. 1861 मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी पुढे सायकलींकडे वळली. पायडलच्या मोठ्या चक्रात बगळ्यांची डोकी कातलेली असतील तर ती रॅले. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरच्या एका छोट्या कारखान्यात फ्रँक बाउडेन या वकिलाने पैसा घातला. सायकल चालवून आपली तब्येत सुधारली, अशी त्याची खात्री होती, आणि त्या खात्रीवर त्याने जगातला एक मोठा सायकल कारखाना उभा केला. एडमंड आणि हॅरी क्रेन या भावांनी 1910 मध्ये बर्मिंगहॅमला हर्क्युलस काढली. साध्या माणसाला परवडेल अशी सायकल हे त्यांचं गणित होतं, आणि ते गणित हिंदुस्थानात फार चाललं.

मराठी मुलखात या यंत्राचा एक मोठा धागा बेळगावला जातो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाला हाताशी धरून तिथे सायकलींचं दुकान काढलं. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात 1888 ची धरतात, ती या दुकानापासून. नुसत्या सायकली विकून भागत नव्हतं, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावं लागे. पुढे त्याच घरातून लोखंडी नांगर निघाला. सायकल दुरुस्त करता करता माणूस यंत्र बनवायला शिकतो, याचा एवढा ठळक दाखला दुसरा मिळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर नावं तीच राहिली आणि गाव बदललं. 1949 मध्ये मद्रासला मुरुगप्पा घराणं आणि इंग्लंडची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी मिळून टीआय सायकल्स काढली. हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए ही नावं मग तिथल्या सायकलींवर दिसू लागली. बंगालात आसनसोलला सुधीरकुमार सेन यांच्या पुढाकाराने सेन-रॅले उभी राहिली. 1951 मध्ये जानकीदास कपूर यांनी सोनिपतला ॲटलस सुरू केली. आजच्या पाकिस्तानातल्या कमालियाहून आलेले मुंजाल बंधू आधी सायकलीचे सुटे भाग विकत होते. 1956 मध्ये लुधियानात त्यांनी हीरो सायकल बनवायला घेतली आणि 1986 मध्ये जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नाव नोंदवलं. सगळ्यांचा शेवट असा झाला नाही. सेन-रॅले आजारी पडली, सरकारने ताब्यात घेतली आणि अखेर बंद झाली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी थांबला, नेमका जागतिक सायकल दिनी.

त्यामुळे जिन्याखालची सायकल बाहेर काढल्यावर पहिलं काम पान्याचं नसतं, बघण्याचं असतं. हँडलखालच्या नळीवर पितळी बिल्ला आहे का, की नुसती रिव्हेटांची दोन भोकं उरली आहेत? मागच्या हबवर स्टर्मी-आर्चरचं नाव असेल तर त्याच्या कवचावर बहुधा सालाचा आकडाही ठोकलेला असतो. तो आकडा चाकाचं साल सांगतो, सायकलीचं सांगेलच असं नाही, कारण चाक नंतर बदललेलं असू शकतं. सांगाडा हर्क्युलसचा, चिमटा सेन-रॅलेचा, पायडल लुधियानाचं, अशी सरमिसळ खेड्यापाड्यात नेहमीची. आणि नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला कुठे अडकलेला सापडला तर तो आधी सोडवून डबीत ठेवावा. कारखान्याने लिहिलं नाही असं साल आणि गाव त्याच्यावर असतं.

मग उकलणं. सगळ्यात त्रास देते ती कॉटर पिन. क्रँक दांड्यावर घट्ट बसवणारी ही बोटभर पाचर चाळीस वर्षांत गंजून एकजीव झालेली असते. घाईत हातोडा घातला की पिनेचं डोकं चेपतं आणि ठोका सरळ आतल्या छर्‍यांवर जातो. जाणता मिस्तरी आदल्या दिवशी रॉकेल सोडून ठेवतो, क्रँकखाली पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवतो आणि एकच भरीव ठोका देतो. टेकू असल्यामुळे ठोका जमिनीत जिरतो, पिन सुटते. नवी पिन बसवताना तिची सपाट बाजू कानशीने अंदाज घेत घासायची. दोन्हीकडच्या पिना एकमेकींच्या उलट तोंडाने ठोकायच्या, नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि माणूस लंगडत सायकल मारतो. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. हे ठाऊक नसलेल्याने जोर लावून किती कप फोडले असतील! आत दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे, एकेका बाजूला अकरा. एक जरी हरवला तरी 'दहावर चालेल' म्हणणारा माणूस ओव्हरऑइलिंगच्या कामाचा नाही.

रंगाचं काम याहून नाजूक. जुना काळा रंग भट्टीत भाजलेला असे, वर सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या. पॉलिश पेपर मारण्याआधी एखादा कोपरा रॉकेलच्या बोळ्याने नुसता पुसून बघावा. मळाखालून पुष्कळदा रेघ जिवंत निघते. चकाकीतही फसगत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत हँडलवर निकेलचा मुलामा असायचा, त्याची झाक किंचित पिवळसर. क्रोमची निळसर चमक नंतर आली. म्हणून 1920 च्या सायकलीला झगमगीत क्रोम करून आणलं तर जाणकार लांबूनच ओळखतो.

इथे थोडं अमेरिकेकडे बघू, कारण 'जुनी सायकल परत मूळ रूपात' हा छंद तिकडे बीएमएक्स शर्यतीच्या सायकलींभोवती फार रंगला आहे. 1963 मध्ये श्विन कंपनीच्या अल फ्रिट्झने स्टिंग-रे ही 20 इंची चाकांची सायकल आणली. कॅलिफोर्नियातली पोरं मोटारसायकलवाल्यांची नक्कल करत ती मातीच्या टेकड्यांवरून उडवू लागली. 1970 मध्ये लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने शर्यती भरवायला सुरुवात केली. उड्यांनी सांगाडे मोडायला लागले तेव्हा बाप मंडळींनी घरच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू केलं. शर्यतीच्या मोटारींचे सांगाडे जोडणाऱ्या गॅरी टर्नरने मुलासाठी क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची सायकल जोडली आणि त्यातून जीटी ही कंपनी झाली. स्किप हेसने न मोडणारं ओतीव चाक काढलं, त्यातून मंगूज ही कंपनी आली. 2008 मध्ये बीजिंगला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पोचला. आज तिकडचे शौकीन त्या सायकली सांगाड्यावरचा नंबर, त्याच सालची रिम, त्याच सालची मूठ जुळवून बांधतात आणि जोडणाऱ्याचं नाव आदराने घेतात.

त्यांना हे शोभतं. ती सायकल पोराने दोन-तीन हंगाम पळवली, पोरगा मोठा झाला, सायकल गॅरेजात टांगली. तिचं खरं आयुष्य त्या दोन-तीन वर्षांचंच, तेव्हा तिला त्या सालात नेणं म्हणजे तिला तिच्या घरी पोचवणं. आपली काळी सायकल चाळीस-पन्नास वर्षं रोज राबली. कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती जशी होती तशी ती पुढच्या दिवाळीपर्यंतही राहिली नसेल. कोणी कॅरिअरला जाड सळई जोडून घेतली, कोणी कॅनसाठी आकडे लावले, मोडलेला सांधा कोणी पितळेची झाळ देऊन बुजवला. ती झाळ कारखान्यापेक्षा ओबडधोबड दिसते, पण तिच्यावरच सायकल पुढची वीस वर्षं चालली. फ्रँक बाउडेनचं नाव पुस्तकात आहे, झाळ देणाऱ्या मिस्तरीचं कुठेच नाही. सगळं घासून, कापून, कॅटलॉगाप्रमाणे 'ओरिजिनल' केलं की नॉटिंगहॅमची आठवण राहते आणि अमळनेरची पुसली जाते. म्हणून जुना मिस्तरी सुट्या भागांची यादी बघून 'कसाले बदलतस भाऊ?' असं विचारतो तेव्हा त्याला आळशी समजू नये.

संग्रहालयाची गोष्ट निराळी. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. अशा यंत्राचा एकेक खिळा त्या काळचाच हवा, कारण ते एका विशिष्ट कामाचा पुरावा आहे. घरच्या सायकलीचं काम एका सालात मावत नाही.

मग करावं काय? चालण्यासाठी लागतं ते सगळं नवं घालावं: छर्रे, चेन, टायर-ट्यूब, ब्रेकचे गुटके, कॉटर. त्यात हळवेपणा नको, कारण उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर जुनी ट्यूब दगा देणारच. रंग शक्यतो पुसून, तेल लावून राखावा. वाढवलेलं कॅरिअर, आकडे, झाळ यांना हात लावू नये. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून एक कागद करावा: कोणी घेतली, कुठून घेतली, झाळ कोणाच्या दुकानात दिली, ते दुकान कुठल्या बोळात होतं. बीएमएक्सवाल्यांकडून घ्यायची गोष्ट हीच, जोडणाऱ्याचं नाव लिहून ठेवण्याची. ते सांगू शकणारी माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून कॉटरवर रॉकेल सोडण्याआधी कागद-पेन घेऊन बसावं.