जुनी लाकडी खुर्ची : शैली आणि काळ कसा ओळखावा?

हैदराबाद शहरातील अफझलगंज हा मुसी नदीच्या उत्तर तीरावरील जुना व्यापारी भाग होय. पाचवे निजाम अफजल-उद्-दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांच्या नावावरून हा गंज ओळखला जातो. उस्मानिया रुग्णालय आणि १८९१ मध्ये स्थापन झालेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय याच भागात आहेत. येथून नवा पूल ओलांडला की दक्षिण तीरावर सालारजंग संग्रहालय लागते. १९५१ साली सुरू झालेले हे संग्रहालय १९६८ पासून सध्याच्या वास्तूत आहे. त्यात देशोदेशींच्या कलावस्तूंबरोबर युरोपीय धाटणीचे लाकडी सामानही मांडलेले आहे. जुन्या खुर्च्यांची पारख शिकू इच्छिणाऱ्यास ही एक उघडी शाळाच होय.

मराठवाड्यातील वाचकांना या विषयाचे विशेष अगत्य वाटावे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. त्या काळातील खुर्च्या जुन्या कचेऱ्यांत, शाळांत आणि वाड्यांत आजही आढळणे शक्य आहे. पाय मोडला किंवा वेत तुटला, की अशी खुर्ची भंगारात किंवा जळणात जाते. उलटपक्षी, नव्या लाकडाला काळा रंग देऊन ‘निजामाच्या काळातील’ म्हणून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जाण्याचाही संभव असतो. दोन्ही प्रकारचे नुकसान टाळण्यासाठी थोडी माहिती पुरेशी आहे.

खुर्ची आपल्याकडे कशी आली?

‘खुर्ची’ हा शब्द अरबी-फारसीतील ‘कुर्सी’ या शब्दावरून मराठीत आला. आपल्याकडील बैठक मुख्यतः पाट, चौरंग आणि गादी-लोडाची. पाठीची, उंच खुर्ची घरोघर रूढ झाली ती युरोपीय व्यापारी आणि राज्यकर्ते यांच्या संपर्कामुळे. परंतु ती घडविणारे हात मात्र येथील सुतारांचेच होते. म्हणून भारतातील जुन्या खुर्चीत नमुना विलायती आणि लाकूड व कोरीवकाम देशी, असा संयोग वारंवार दिसतो.

याचे एक उद्बोधक उदाहरण पूर्व किनाऱ्याचे आहे. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर, डच व्यापाऱ्यांच्या मागणीवरून, आबनुसाच्या काळ्याभोर लाकडाच्या बुटक्या, कोरीव खुर्च्या तयार होत. गोवळकोंडा राज्याचे मच्छलीपट्टण हे बंदर याच किनाऱ्यावर होते. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधील होरेस वॉलपोल यांच्यासारख्या संग्राहकांनी अशाच खुर्च्या जुन्या ट्यूडर काळातील इंग्रजी कारागिरी म्हणून मानल्या. केवळ वरवरच्या रूपावरून केलेला तर्क जाणकारांनाही कसा फसवितो, हे यावरून ध्यानी येते.

प्रमुख शैली

शैली ओळखताना प्रथम पाय व पाठ पाहावी. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळातील (१७१५ ते १७७४) खुर्चीचा पाय गुडघ्यासारखा बाहेर वळून खाली आत येतो. सर्व रेषा वक्र असतात. सोळाव्या लुईच्या काळात (१७७४ ते १७९२) पाय सरळ, खाली निमुळता आणि उभ्या पन्हळी असलेला झाला.

इंग्लंडमध्ये टॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये आपल्या नमुन्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुर्चीच्या पाठीत मधोमध जाळीदार कोरलेली फळी असते. हेपलव्हाइट याचे पुस्तक १७८८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाले. ढालीच्या आकाराची पाठ ही त्या शैलीची खूण. शेरेटन याच्या १७९१ नंतरच्या नमुन्यांत चौकोनी पाठ व सडपातळ सरळ पाय दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तलवारीसारखे वळलेले पाय आले, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) फुग्यासारखी गोल पाठ लोकप्रिय झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत शिसवी लाकडाचे, पानाफुलांच्या दाट जाळीदार कोरीवकामाचे सामान बनू लागले. लांब हातांवर पाय टाकून पडता येईल अशी वेताची आरामखुर्ची बंगल्यांच्या व विश्रामगृहांच्या ओट्यांवर रूढ झाली. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील वाकविलेल्या लाकडाची खुर्ची ही व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट याच्या १८५९ मधील चौदा क्रमांकाच्या नमुन्याच्या कुळातील. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर ती उभी राहते. सुटे भाग केल्यास एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. तिच्या बैठकीखाली कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी आहे काय, ते अवश्य पाहावे.

शैली म्हणजे काळ नव्हे

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवला पाहिजे. शैलीवरून खुर्ची ‘यापूर्वीची नाही’ एवढेच कळते. चिपेंडेलचा नमुना १७६० मध्ये बनला, १८९० मध्ये बनला आणि आजही बनतो. खरा काळ सांगते ती बांधणी. त्यासाठी खुर्ची उलटी करून तिची खालची बाजू उजेडात तपासावी.

हाताच्या करवतीच्या खुणा सरळ, परंतु कमीजास्त अंतराच्या असतात. गोल फिरणाऱ्या यांत्रिक करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतात व त्या बहुधा एकोणिसाव्या शतकातील किंवा नंतरच्या कामात दिसतात. साधारणतः १८५० पूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असते आणि डोक्यावरील खाच पुष्कळदा मध्यापासून सरकलेली असते. अणकुचीदार टोकाचा, एकसारख्या आट्यांचा स्क्रू त्यानंतरचा. जुन्या सांध्यात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली असते. लाकूड आटल्यामुळे ही खुंटी कालांतराने किंचित वर आलेली बोटाला जाणवते. वेत हाताने विणलेला असल्यास चौकटीला ओळीने छिद्रे असतात. तयार विणलेली जाळी खाचेत दाबून बसविलेली असल्यास ते काम बहुधा अलीकडचे.

झीजही बोलकी असते. हातांची टोके, पुढची आडपट्टी व पायांचे तळ येथे ती अधिक असावयास हवी. जेथे हातपाय लागत नाहीत तेथेही सारखीच झीज असेल, किंवा खालची बाजूही एकसारखी काळी रंगविलेली असेल, तर संशय घ्यावा. मात्र एक नवा स्क्रू दिसला म्हणून सारी खुर्ची नवी ठरत नाही. तो दुरुस्तीचा असू शकतो. सर्व खुणा एकत्र विचारात घेऊनच निर्णय करावा.

आख्यायिकांचीही अशीच तपासणी करावी. सालारजंग संग्रहालयातील हस्तिदंती खुर्च्या फ्रान्सच्या राजाने टिपू सुलतानास भेट दिल्याचे सांगतात. काही जण हा राजा पंधरावा लुई म्हणतात, काही सोळावा. पंधरावा लुई १७७४ मध्ये वारला व टिपू १७८२ मध्ये गादीवर आला. अर्थात सुलतान टिपूला भेट देणारा पंधरावा लुई असू शकत नाही. सोळाव्या लुईचा काळ जुळतो, परंतु काळ जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. घराण्यातील ‘पणजोबांची खुर्ची’ याच कसोटीवर पाहावी.

काय करावे, काय टाळावे?

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही व तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. कार्यालयांतील व शाळांतील जुन्या खुर्च्यांचे निर्लेखन करण्यापूर्वी जडसंग्रह नोंदवहीतील खरेदीचे वर्ष पाहावे. शंका असल्यास राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा सल्ला घ्यावा.

जुना मुलामा खरवडू नये, तैलरंग फासू नये आणि लोखंडी खिळे ठोकू नयेत. वाळवी व ओल यांपासून खुर्ची दूर ठेवावी. तिचे छायाचित्र, मापे आणि ती कोठून, कोणाकडून आली ही माहिती लिहून ठेवावी. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील हा तपशील त्यांच्याबरोबरच जातो आणि मग लाकूड उरले तरी त्याची ओळख उरत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या खुर्च्यांची अशी यादी करून घेतल्यास इतिहासाचा एक पाठ गावातच शिकविता येईल.