चांद्याच्या अरण्यातील मंडळी आणि तिचे पुढारी

धर्ममंडळीच्या पुढाऱ्याने स्वतःच्या बळावर न विसंबता देवाच्या सामर्थ्यावर विसंबून राहावे, हे वचन ख्रिस्ती उपासनामंदिरांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पण विसंबणे म्हणजे व्यवहारात नेमके काय करणे? पैशाची पिशवी कोणाच्या हाती राहावयाची? पुढारी दूर असता मंडळीचे काय व्हावयाचे? शहरात हे प्रश्न लांबणीवर टाकता येतात. चांद्याच्या अरण्यात ते टाकता येत नाहीत.

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. १९८२ साली त्यातून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला हा सागवानाचा व बांबूचा मुलूख. येथे मराठी, तेलुगु, गोंडी आणि माडिया या भाषा शेजारी शेजारी नांदतात. पावसाळ्यात नाले भरले, पर्लकोटेला पूर आला, की भामरागडकडील गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटावा, हा तेथला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. अशा प्रदेशात दूरच्या ठाण्यावर राहणारा पाळक गावोगावच्या मंडळीस कसा पुरा पडणार? पाऊस धरलेला असताना प्रार्थना कोणी चालवावयाची, आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावयाचे, मृतास मूठमाती कोणी द्यावयाची? पुढाऱ्याचा विश्वास किती खोल आहे याची परीक्षा त्याच्या प्रवचनात होत नाही. ती अशा चार महिन्यांत होते.

स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीने १८७० च्या सुमारास चांदा शहरात आपले ठाणे घातले. तेथे आरंभीच्या काळात ज्यांनी काम केले त्यांत एक मराठी पंडित होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे चित्पावन घराण्यातले, १८२५ साली जन्मलेले, काशीत वाढलेले. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. हिंदू दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ इंग्रजीत गेला. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांचा परिणाम झाला. एवढा विद्वान मनुष्य. पण पुढारीपणाचा रुबाब त्यांच्या अंगी मुळीच नव्हता. नव्या श्रद्धेविषयीच्या शंका त्यांना आयुष्यभर छळीत राहिल्या आणि त्या त्यांनी झाकून ठेविल्या नाहीत. मोठा समुदाय त्यांच्यामागे कधी जमला नाही. हिशेबाच्या वहीत पाहिले तर या पुढाऱ्याच्या नावापुढे फारसे काही मांडता येणार नाही. परंतु करिंथच्या मंडळीस लिहिताना पौलाने ज्या दुर्बलतेचा अभिमान बाळगला, ती दुर्बलता मराठी मनुष्याच्या रूपात पाहावयाची असेल तर गोऱ्ह्यांकडेच पाहावे लागते. १८९५ साली मुंबईत त्यांचा अंत झाला.

त्यांच्यानंतर चांद्यास नाव मिळवून दिले ते ॲलेक्स वुड यांनी. ते पुढे १९१९ साली छोटा नागपूरचे आणि १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. वुड यांचे श्रम मोठे होते, यात संशय नाही. तथापि त्या काळच्या बहुतेक मिशनांप्रमाणे येथेही सूत्रे व द्रव्य समुद्रापलीकडून येत. देशी उपदेशक पगारी नोकर, आणि गोरा मिशनरी त्याचा धनी; ही घडी बसली की देवावर विसंबण्याची भाषा तोंडी राहते आणि विसंबणे मात्र महिनाअखेरच्या मनिऑर्डरीवर होते.

या घडीस मराठी मुलखात ज्यांनी मोठा धक्का दिला ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. याच मध्यप्रांतात, नागपूरहून राजनांदगावास जाताना, आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेविला होता. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत बावीस वर्षे गेली. १९१७ साली, एका उत्कट आत्मिक अनुभवानंतर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही त्याचे दार उघडे होते. छप्पन्नाव्या वर्षी ठरलेला पगार सोडून संन्यस्त वृत्तीने राहणे हे कवीचे लहरीपण नव्हे. जुनी दृष्टी अपुरी वाटू लागल्यावर नवी दृष्टी घेऊन निघालेल्या मनुष्याचे ते पाऊल होते. पण १९१९ साली टिळक वारले आणि त्यांच्या मागे दरबार फार काळ टिकला नाही. दर्शन भव्य होते. ते एकाच मनुष्याच्या तेजावर उभे होते, हे मात्र मान्य करावे लागते.

याउलट उदाहरण चांद्याच्या दक्षिणेस सापडते. बल्लारशाहहून काझीपेठेकडे जाणाऱ्या लोहमार्गाने आणखी पुढे गेले की गोदावरीपलीकडे, पूर्वीच्या निजामी मुलखात, डोर्णकल लागते. वेदनायगम अझरय्या हे तमिळ गृहस्थ १९०९ साली तेथे साधे मिशनरी म्हणून आले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यास त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. योगायोग असा की त्याच वर्षी रोलंड ॲलन या इंग्रज धर्मगुरूने आपल्या ग्रंथात सर्व मिशनांना एक अवघड प्रश्न टाकला. पौल एखाद्या नगरात काही महिने राही, मंडळी उभी करी आणि तिला पवित्र आत्म्याच्या हवाली करून पुढे जाई. मग आजची मिशने पन्नास पन्नास वर्षे झाली तरी कारभार का सोडीत नाहीत? ॲलन यांच्या मते याचे कारण सावधगिरी नव्हे, अविश्वास होय.

अझरय्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. बैलगाडीने गावे पालथी घालीत त्यांनी अल्पशिक्षित गावकऱ्यांतूनच उपदेशक घडविले आणि त्यांच्या बायकांनाही शिकविले. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या मस्तकावर हात ठेवून, शुभवर्तमान सांगणे हे आपलेही कर्तव्य असल्याचे उच्चारावे, असा त्यांचा प्रघात होता. त्यांच्या मंडळीत बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या माला व मादिगा जातींचे होते. या सामुदायिक धर्मांतरांवरून गांधीजींशी त्यांचा तीव्र मतभेद झाला, आणि तो वाद पोकळ नव्हता. परंतु ज्यांना गावाने कधी बोलू दिले नव्हते, त्यांच्याच मुखात त्यांनी उपदेश सोपविला, ही गोष्ट त्या वादाने पुसली जात नाही. १ जानेवारी १९४५ रोजी अझरय्या वारले. त्यांनी उभी केलेली मंडळी त्यांच्यासह मावळली नाही.

चांद्याकडे मात्र सूत्रे सावकाश आली. नागपूर धर्मप्रांतास जॉन सादिक हे पहिले भारतीय बिशप १९५७ साली लाभले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली ती नागपुरातच.

दरम्यान आणखी एक घटना घडली होती. १९६२ साली केरळातील सिरो-मलबार मंडळीस चांदा हे कार्यक्षेत्र नेमून देण्यात आले. केरळाबाहेर तिला मिळालेले हे पहिलेच क्षेत्र. १९७७ साली त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला व बल्लारशाह हे त्याचे पीठ. शतकानुशतके सुरियानी भाषेत उपासना करणाऱ्या या मंडळीने मल्याळममध्ये उपासना सुरू केली तीही १९६२ सालीच. स्वतःच्या मातृभाषेत नुकतेच प्रार्थना करू लागलेल्या धर्मगुरूंना त्याच वर्षापासून मराठी अक्षरे गिरवावी लागली. आणि मराठी आली तरी वैनगंगेपलीकडे गोंडी व माडिया शिकावयाच्या उरल्याच होत्या.