काकांच्या लाथा स्वप्नातल्या नव्हेत

काका झोपेत लाथा मारतात, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. काकूंनी कंटाळून स्वतःची वेगळी चादर घेतली, तेव्हा काका म्हणाले, "मी? अगं, मी ओंडक्यासारखा झोपतो." दोघंही खरंच बोलत होती. ज्याचा पाय हलतो त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. साक्षीदार असतो तो शेजारी झोपणारा.

काकूंनी एका रात्री घड्याळ समोर धरून बघितलं. आधी पायाचा अंगठा वर उचलला गेला, मग पाऊल घोट्यातून वर वळलं, गुडघा जरासा दुमडला आणि दोनेक सेकंदांत पाय सैल पडला. पंचवीसेक सेकंदांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. हा ठेकाच या प्रकाराची ओळख आहे. दोन झटक्यांमधलं अंतर बहुधा २० ते ४० सेकंद असतं.

गैरसमज : स्वप्नात पळत असतील.
वस्तुस्थिती : ठसठशीत स्वप्नं पडतात त्या 'रेम' झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे करून ठेवतो. हे ठेक्यातले झटके प्रामुख्याने बाकीच्या झोपेत येतात, तेही रात्रीच्या पूर्वार्धात जास्त. स्वप्नाबरहुकूम ओरडणं, ठोसे मारणं, पलंगावरून उडी घेणं हा निराळा विकार. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या डॉ. कार्लोस शेंक आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. तो हसण्यावारी नेऊ नये. पन्नाशीनंतर तो सुरू झालेल्या अनेकांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्ससारखा आजार होतो.

गैरसमज : डोळा लागता लागता अंग दचकलं, म्हणजे फिट आली किंवा हृदय क्षणभर थांबलं.
वस्तुस्थिती : दोन्ही नाही. पायरी चुकल्यासारखा तो एखादाच झटका बहुतेकांना कधी ना कधी बसतो. जागरण झालं की, किंवा रात्री उशिरा चहा-कॉफी घेतली की जास्त.

गैरसमज : कॅल्शियम कमी पडलंय.
वस्तुस्थिती : मेडिकलमधून कॅल्शियमची डबी आणणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. पण पायांच्या या अस्वस्थतेत आधी बघायचं ते लोह. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या एका एन्झाइमला लोह लागतं. मेख अशी की हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, कमी असू शकतो. रिपोर्टवर आकडा 'नॉर्मल' छापलेला असला, तरी पाय अस्वस्थ असणाऱ्यांत फेरिटिन ७५ च्या आत असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. स्वतःच्या मनाने मात्र गोळ्या सुरू करू नयेत, जादा लोहही बाधतं. पोटरीत गोळा येऊन माणूस कळवळून उठतो, ते वांब येणं. त्याचा इथे संबंध नाही.

गैरसमज : पाय वळवळणं आणि झोपेत झटके येणं एकच.
वस्तुस्थिती : पहिलं जागेपणी होतं. संध्याकाळनंतर स्वस्थ बसलं की पायांत किडे फिरल्यासारखं वाटतं आणि उठून चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. इंग्लंडच्या थॉमस विलिसने सतराव्या शतकातच याबद्दल लिहून ठेवलंय. अशा शंभरातल्या ऐंशीएक जणांना झोपेतले झटकेही येतात. पण उलट तसं नाही: झटके येणाऱ्या अनेकांचे पाय दिवसभर गप्प असतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही: औषधं कोणती चालू आहेत? नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड यांनी हा त्रास वाढू शकतो.

गैरसमज : पाय हलतात म्हणजे औषध हवंच.
वस्तुस्थिती : काका घोरतातही, म्हणून त्यांची झोपेची तपासणी झाली. श्वास अडकून पुन्हा सुरू होतानाही पाय उडू शकतो, तेव्हा ते बघणं रास्तच होतं. नडगीवर इलेक्ट्रोड चिकटवून रात्रभर नोंद घेतली. श्वास ठीक निघाला, झटके मात्र तासाला २२. मोठ्या माणसांत १५ च्या वरचा आकडा जास्त धरतात, पण नुसत्या आकड्याने आजार ठरत नाही. झोपमोड होते का, दिवसा थकवा किंवा पेंग येते का, हेही बघावं लागतं. काकांना यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी फेरिटिन तपासलं, ते भरपूर होतं. गोळी दिली नाही.

"पण माझी झोपमोड होते, त्याचं काय?" काकूंनी विचारलं. यावर डॉक्टरांनी वेगळ्या गादीचा सल्ला दिला. वेगळी चादर तर काकूंनी आधीच घेतली होती.