हलाल आहे, पण तय्यिब आहे का?
मुलांच्या हातातल्या रंगीत गोळ्यांविषयी

ईदची नमाज आटोपली की मुलांच्या हातात ईदी पडते आणि तासाभरात त्यातले बरेचसे पैसे नाक्यावरच्या दुकानात पोहोचतात. लाल, हिरव्या, निळ्या गोळ्या, जेलीचे तुकडे, जीभ रंगवणारे लॉलीपॉप, पिशवीत भरलेले गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’. सणाच्या दिवशी मुलांना कुणी अडवत नाही, अडवूही नये. पण ही खरेदी आता सणापुरती राहिलेली नाही. मकतब सुटल्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, उर्सात, मेळ्यात, किराणा आणताना सुट्ट्या पैशांच्या बदल्यात, अशी रंगीत गोळी रोजच्या खाण्यात शिरली आहे. म्हणूनच तिच्यात काय असते आणि त्याचा मुलांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे आपण मोठ्यांनी एकदा नीट समजून घ्यायला हवे.

रंग कशासाठी?

गोळीतला मुख्य ऐवज म्हणजे साखर आणि ग्लुकोजचा पाक. त्यात आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल आणि वासासाठी इसेन्स घालतात. स्ट्रॉबेरीच्या स्वस्त गोळीत बहुतेक वेळा स्ट्रॉबेरी नसतेच. रंगाला ना चव असते, ना त्यातून शरीराला काही मिळते. मुलाची नजर बरणीकडे वळावी, एवढेच त्याचे काम.

अशा रंगांचा इतिहास फारसा चांगला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिठाई रंगवायला शिसे, पारा आणि आर्सेनिक असलेले रंग सर्रास वापरले जात. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. हे रंग पुढे खाण्यातही आले. १९५० मध्ये अमेरिकेत नारिंगी रंगाची मिठाई खाऊन अनेक मुले आजारी पडली. त्या मिठाईतला रंग कायद्याने मान्य होता. पुढे तपासणी झाली आणि तो खाण्यातून बंद करण्यात आला. आज मान्य असलेला रंग उद्याच्या तपासणीत टिकेलच असे नाही, एवढे या घटनेवरून लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडचा नियम

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पाकिटावर ते पुष्कळदा आकड्यांनी लिहिलेले असतात: टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पॉन्सो ४ आर (१२४), एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३). मिठाई-गोळ्यांमध्ये त्यांचे प्रमाण एका किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

परवानगी आहे म्हणजे ठरलेल्या प्रमाणात चालतो, इतकाच त्याचा अर्थ. २००७ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सुमारे ३०० मुलांवर केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट मिसळलेले पेय घेतल्यावर मुलांमधला चंचलपणा वाढल्याचे त्यात दिसले. परिणाम सरासरीने फार मोठा नव्हता आणि सगळ्या मुलांमध्ये सारखाही नव्हता. तरी युरोपीय संघाने २०१० पासून त्या अभ्यासातील सहा रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या वागण्यावर व लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणे सक्तीचे केले. त्या सहापैकी चार रंग (१०२, ११०, १२२ आणि १२४) आपल्याकडे वापरले जातात.

एरिथ्रोसिन या लाल रंगाची परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केली. मोठ्या प्रमाणात हा रंग दिलेल्या उंदरांना थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या आणि तिथल्या कायद्याला तेवढे कारण पुरेसे होते. माणसांमध्ये असे घडल्याचा पुरावा नाही. टार्ट्राझिनने काही थोड्या लोकांच्या अंगावर पित्त उठते, दम्याचा त्रास असलेल्या काहींना तो वाढलेला जाणवतो. म्हणजे एक गोळी खाल्ली की मूल आजारी पडते, असे कुणी समजू नये. पण ज्या मुलाला दमा आहे, अंगावर गांधी उठतात किंवा जे एका जागी बसूच शकत नाही, त्याच्या आईने पाकिटावरचे हे आकडे जरूर वाचावेत.

खरा धोका सुट्ट्या मालात

पाकिटावर आकडे तरी असतात. बरणीतल्या सुट्ट्या गोळीवर, गाड्यावरच्या कापूस-मिठाईवर काहीच लिहिलेले नसते, आणि गरीब वस्तीतल्या मुलांच्या हाती जास्त करून हाच माल पडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत कापूस-मिठाईचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत रोडामाइन-बी सापडले. हा कापड, कागद रंगवायचा रंग आहे. तो खाण्यात घालायला आपल्या देशात अजिबात परवानगी नाही, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत यकृताला त्याने अपाय झाल्याचे दिसले आहे. तामिळनाडूने कापूस-मिठाईच्या विक्रीवरच बंदी घातली. त्याआधी पुदुच्चेरीने तेच केले होते. मार्चमध्ये कर्नाटकानेही रंगीत कापूस-मिठाई बंद केली. पिवळ्या मिठाईत मेटॅनिल यलो नावाचा असाच एक मनाई असलेला रंग अधूनमधून सापडत असतो. हे रंग स्वस्त पडतात आणि चिमूटभर घातले तरी भडक दिसतात. नुसत्या नजरेने चांगला रंग कोणता आणि कापडाचा कोणता, हे ना आपल्याला ओळखता येते, ना विकणाऱ्या गरीब माणसाला. तोही पुष्कळदा पुडीत मिळालेला रंग विश्वासाने वापरत असतो.

रंगाआडची साखर

रंगाची चर्चा करताना साखर विसरून चालणार नाही, कारण रोजचे नुकसान तिच्यामुळेच जास्त होते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातांवरचे कठीण आवरण झिजवते. गोळी चघळत राहिली की हे आम्ल तेवढा वेळ दातांवर काम करत राहते. आंबट गोळीत तर आम्ल आधीच घातलेले असते. त्यामुळे पाच गोळ्या एकदम खाण्यापेक्षा त्या दिवसभर एकेक करून चघळणे दातांना जास्त घातक.

वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी सांगते. लहान मुलांसाठी ते प्रमाण आणखी कमी. चार ग्रॅमच्या पाच गोळ्या म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम साखर. चहा, बिस्किटे, सरबत यांचा हिशेब वेगळाच. शिवाय कठीण गोल गोळी चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो. तान्ह्या भावंडाच्या हातात ती कधीच देऊ नये.

हलालच्या पुढचा प्रश्न

जेली पाहिली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो जिलेटीनचा, आणि तो योग्यच आहे. जिलेटीन जनावरांच्या कातडी-हाडांपासून, पुष्कळदा डुकराच्या, बनते. आपल्या देशात ते असलेल्या पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असते. परदेशातून आलेल्या खाऊत ई-१२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंगही असतो. त्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेव्हा आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे.

पण हिरवी खूण किंवा हलालचा शिक्का दिसला की आपली चौकशी तिथेच थांबते. कुरआनमध्ये, सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत, हलालसोबत तय्यिब हा शब्द आला आहे. तय्यिब म्हणजे स्वच्छ, चांगले. हराम काही नसले तरी ज्यात पोषण नाही, रंग कुठला ते माहीत नाही आणि दात किडतात, त्या वस्तूला तय्यिब म्हणताना आपणच थोडा विचार करावा.

गोडाशी वैर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना गोड आणि मध आवडत असे. पण लहानग्या हसन (रजि.) यांनी सदक्याचे खजूर तोंडात घातले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते त्यांना थुंकायला लावले, हेही हदीसमध्ये आले आहे. तिथे प्रश्न सदक्याचा होता. तरी मुलाच्या तोंडात काय जाते याकडे घरातल्या मोठ्याने लक्ष ठेवायचे असते, हा धडा आपल्या सर्वांसाठी आहे.

आपल्याला काय करता येईल?

बिननावाचा, भडक रंगाचा सुटा माल बंद करावा. पाकिटावर अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि रंगांचे आकडे पाहावेत. वाचता येणाऱ्या मुलालाच हे काम दिले तर ते आवडीने करते.

गोळी रोज न देता आठवड्यातून एखादा दिवस ठरवावा. ती जेवणानंतर द्यावी, वर पाणी पाजावे आणि रात्री दात घासल्याशिवाय झोपू देऊ नये.

मकतबमध्ये सबक पाठ झाल्यावर मौलाना साहेब प्रेमाने गोळी देतात, मिलादच्या जुलूसमध्ये गोळ्या वाटल्या जातात. त्याऐवजी खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-चणे किंवा मनुका देता येतील. यांतही गोडवा आहेच, तेव्हा हात राखूनच द्यावे. पण सोबत पोटात काहीतरी जाते. मशीद कमिटीने आणि ईद मेळा भरवणाऱ्या तरुणांनी रंगीत कापूस-मिठाईऐवजी बिनरंगी पांढरी ठेवायला सांगितले, तर विकणाऱ्याचा धंदाही बुडत नाही.

संशय आला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. गिऱ्हाइकाला स्वतः फी भरून नमुना तपासून घेण्याचा हक्क २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे.

मुले ही आपल्याकडे दिलेली अमानत आहेत. त्यांच्या कपड्यांची, तालीमची, नमाजची आपण काळजी घेतो. त्याच काळजीत त्यांच्या मुठीतल्या गोळीचाही समावेश व्हावा. अल्लाह आपणा सर्वांना हलाल आणि तय्यिब रोजी देवो आणि आपल्या लेकरांना निरोगी ठेवो. आमीन.