कालव्याचे पाणी आणि खतावणीचे रकाने

रस्त्यावरचा दिवा कोणाचा, असे विचारले तर नगरवासी माणूस चटकन उत्तर देतो, 'नगरपालिकेचा.' अर्थशास्त्राचे या उत्तराने समाधान होत नाही. दिव्याचा खांब नगरपालिकेचा खरा. परंतु उजेड कोणाचा? त्या उजेडातून एक माणूस चालून गेला म्हणून मागून येणाऱ्यास तो कमी पडत नाही. आणि ज्याने घरपट्टी थकविली आहे त्याच्यापुरताच अंधार करावयाचा म्हटले, तर तेही साधत नाही. ही दोन लक्षणे जेथे एकत्र आढळतात, तिला अर्थशास्त्रात 'सार्वजनिक वस्तू' म्हणतात. अमेरिकेतील पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली अवघ्या तीन पानांच्या एका निबंधात ही कल्पना गणिताच्या भाषेत मांडली, आणि तेव्हापासून ती या शास्त्रात रूढ झाली.

आता दिव्याखालून आडाकडे जाऊ. गल्लीतील सामाईक आडावर कोणासही मज्जाव करता येत नाही. ('कोणासही' हा शब्द आज आपण सहज लिहून जातो. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे असूनही तेथील पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता. एखादी वस्तू सर्वांची आहे की नाही, हे केवळ तिच्या गुणधर्मावर ठरत नाही. समाजाने दार कोठे बंद केले आहे यावरही ते ठरते.) परंतु आडाचे पाणी उजेडासारखे नाही. एकाने घागर भरली की दुसऱ्यासाठी तेवढी घागर कमी होते. अशा वस्तूला 'सामाईक साधन' म्हणावे. गायरान, देवराई, नदीतील मासे, भूगर्भातील पाणी ही सारी याच जातीची. दिव्याच्या बाबतीत भीती असते ती तो कोणी लावणारच नाही याची. आडाच्या बाबतीत भीती असते ती सर्वांनी मिळून तो कोरडा करण्याची.

दिवा कोणी का लावीत नाही, हे वर्गणी गोळा करीत हिंडलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. उत्सवाचा मांडव सर्वांनाच हवा असतो. पण शेजाऱ्याच्या वर्गणीतून तो उभा राहणार असेल, तर वर्गणीचे पुस्तक दाराशी आले की अनेकांची थैली नेमकी आतल्या खोलीत असते. म्हणून दिवा, पूल, बंदोबस्त यांचा खर्च वर्गणीवर न सोडता करातून भागवावा लागतो. पण कर बसविला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. खरा प्रश्न तेथून सुरू होतो. जमलेला पैसा कशावर खर्च करावा? दुकानदाराला गिऱ्हाईक सांगते की माल हवा की नको. पुलाला गिऱ्हाईक नसते. फ्रान्समधील अभियंते ज्यूल द्युपुई यांनी १८४४ साली याच प्रश्नाला हात घातला. पुलावर जमणारा टोल म्हणजे पुलाची उपयुक्तता नव्हे, असे त्यांनी दाखविले. दोन आणे देऊन पूल ओलांडणाऱ्यांपैकी कित्येकांनी गरज पडली असती तर चार आणेही दिले असते. ही जी वरची उपयुक्तता, ती टोलनाक्याच्या वहीत कोठेच उतरत नाही.

वहीत काय उतरते आणि काय उतरत नाही, यावर देशाचे केवढे बरे-वाईट अवलंबून असते, याचे उदाहरण आपल्याच दख्खनमध्ये आहे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला. पुढे १९०१ ते १९०३ या काळात पाटबंधारे आयोग बसला. सरकारने कालव्यांचे दोन मुख्य वर्ग पाडले. पुरा झाल्यापासून दहा वर्षांच्या आत जो आपल्या भांडवलाचे व्याज पाणीपट्टीतून भागवील, तो 'उत्पादक'. जो तसे करू शकणार नाही, पण दुष्काळापासून वाचवील, तो 'संरक्षक'. पंजाबातील कालवे पहिल्या वर्गात बसत. आमचे दख्खनचे कालवे, डोंगरात धरण बांधून काढलेले आणि खर्चाचे, बहुधा दुसऱ्या वर्गात.

वर्गवारी तर झाली. पण वही एकच राहिली, पाणीपट्टीची. त्यातून एक चमत्कारिक परिणाम घडला. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला तो ज्वारी-बाजरी तगावी म्हणून. परंतु पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाणी मागेना, आणि पाऊस बुडाला की सारेच एकदम मागू लागत. नेमाने बारा महिने पाणी मागणारे आणि त्याची पट्टी भरणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. पाटबंधारे खात्याचा ताळेबंद सुधारावयाचा तर उसाला पाणी देणे भाग पडले. दुष्काळी गावांच्या संरक्षणासाठी काढलेले पाणी येणेप्रमाणे थोड्या जमिनीवरच्या दाट उसाकडे वळले. यात कोणा एकाचा दुष्टपणा होता असे आम्हांस वाटत नाही. वहीला जो रकाना होता त्याच्या दिशेने पाणी वाहिले, एवढेच.

ही वही मोठी करण्याचा पहिला नेटका प्रयत्न पुण्यात झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून १९४८ साली ती इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दारणा आणि भंडारदरा या धरणांचे पाणी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील ज्या गावांना मिळते ती गावे, आणि ज्यांना मिळत नाही अशी शेजारची कोरडवाहू गावे, यांची तुलना हा त्या पाहणीचा गाभा होय. आजचे संशोधक पुष्कळ अवघड गणिते करतात. पण 'कालवा नसता तर येथे काय असते?' हा प्रश्न शेजारच्या गावात जाऊन विचारावा, ही युक्ती त्या गणितांच्याही मुळाशी आहे.

अप्रत्यक्ष लाभ म्हणजे काय, ते पाहा. बागाईत झाले की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते. हा लाभ प्रत्यक्ष. पण त्याबरोबर खुरपणीला, बांधणीला, तोडणीला मजूर लागतात. गाडीवाल्याला भाडे मिळते. गूळ बाजारात येतो, पेठ वाढते, रेल्वेला माल मिळतो. आणि दुष्काळात सरकारला जी खडी फोडण्याची कामे काढावी लागली असती, ती या गावांपुरती टळतात. यांपैकी एकही पैसा पाणीपट्टीच्या वहीत जमा होत नाही. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने हाच विचार मान्य केला होता. लाभ कोणाच्याही पदरात पडो, त्यांची बेरीज खर्चाहून अधिक असली म्हणजे काम हाती घेण्याजोगे समजावे, असे त्यात होते. गाडगिळांनी हा हिशोब कागदावरच ठेवला नाही, हेही सांगितले पाहिजे. लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगिळांकडे होते.

वही मोठी करताना दोन धोके मात्र असतात. पहिला लहान. कालव्यामुळे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले हा एक लाभ लिहिला, आणि त्याच्या जमिनीची किंमत वाढली हा दुसरा लाभ म्हणून त्याखाली लिहिला, तर एकच रुपया दोनदा मोजला गेला; कारण जमिनीची किंमत वाढली ती त्या वाढत्या उत्पन्नामुळेच. प्रकल्पाचे वकील ही चूक नेहमी करतात, आणि ती नेहमी प्रकल्पाच्या बाजूनेच होते.

दुसरा धोका काळाचा. आज खर्च केलेला रुपया आणि पन्नास वर्षांनी मिळणारा रुपया सारखे धरता येत नाहीत; मधल्या काळाचे व्याज वजा करावे लागते. हे व्याज किती धरावे? पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत दरसाल चार टक्क्यांनी सुमारे चौदा रुपये भरते. दहा टक्क्यांनी ती पंच्याऐंशी पैशांवर येते. धरण तेच, पाणी तेच. सचिवालयातील एका टेबलावर हा एक आकडा बदलला की नातवंडांचा सारा लाभ, किंवा गाळाने भरलेल्या धरणापासून त्यांना होणारा सारा तोटा, पुसून जातो. या आकड्यावर जाहीर वाद फारसा होत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

खर्चाच्या बाजूकडे आपण अद्याप पाहिलेच नाही. सिमेंट, दगड, मजुरी यांना बाजारभाव आहे. पण बुडणारे गाव? टाटांच्या वीजकंपनीने मुळशीस धरण बांधावयास घेतले, त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जावयाची होती; बुडावयाची होती ती मावळातील भातखाचरे. १९२१ साली मावळ्यांनी तेथे सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट त्यात पुढे झाले. धरण अखेर झाले. त्या काळी सरकारला जमीन घेण्याचा अधिकार १८९४ च्या कायद्याने होता, आणि भरपाई मोजावयाची ती बाजारभावाने. पण बाजारभाव म्हणजे राजीखुशीने विकणाऱ्याचा भाव. जो विकावयास तयारच नाही त्याच्या तोट्याचे ते माप कसे होईल? निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या दोन इंग्लंडवासी अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ साली एक कसोटी सुचविली: ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची पूर्ण भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल हितावह. यातील 'करू शकत असतील' हे शब्द नीट वाचावेत. भरपाई प्रत्यक्ष केलीच पाहिजे असे ही कसोटी म्हणत नाही. गिरणीला वीज मिळाली आणि खाचर गेले तरी बेरीज बरोबर येते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, मुळशीनंतर अर्धशतकाने.

बेरजेची ही मर्यादा ओळखून काही गावांनी आधी वाटणी ठरविली आणि मग पाणी सोडले. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फडाची पद्धत काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एका हंगामास एकच पीक घ्यावयाचे. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवला, तरी तोटा एकट्यावर येत नसे. पाण्यावर देखरेख पाटकऱ्याची आणि जागल्याची. अमेरिकेत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे असे लिहिले; एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीचे असे बंधारे, कुरणे आणि मासेमारीचे किनारे तपासून दाखविले की जेथे वापरणारेच नियम करतात आणि राखणदार त्यांनाच जबाबदार असतो, तेथे तसे होतेच असे नाही. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पांझराकाठच्या जागल्याला त्यात आश्चर्य वाटले नसते.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती आणखी पुढे गेली. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही वाटा, आणि उसाला मनाई. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पावसाळा सरला की पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी वेगळे काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ग्रामसभेत ठरवितात. तेथेही उसाला आणि शेतीसाठी विंधन विहिरीला बंदी आहे.

परंतु गावाच्या वहीलाही शीव असते. नदीला ती नसते. गाडगिळांनी ज्या दारणा आणि भंडारदरा धरणांच्या लाभांची मोजदाद केली, त्यांच्या खाली, पैठणजवळ, पुढे जायकवाडीचे धरण झाले, आणि वरचे पाणी वर अडले की खाली मराठवाडा कोरडा राहू लागला. १९४८ च्या पाहणीत हा रकाना असण्याचे कारण नव्हते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. राज्याने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि नदीखोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी असे तत्त्व त्यात घातले. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असे प्राधिकरणाने २०१४ साली ठरविले. दोन्ही बाजू मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०१६ च्या निकालाने समन्यायी वाटपाचे तत्त्व कायम राहिले. तरीही पाणी सोडण्याचे वर्ष आले की नगर-नाशिकचा शेतकरी म्हणतो, आमच्या आजोबांपासूनचे पाणी. आणि पैठणकडचा शेतकरी विचारतो, ते तुमचे कधीपासून झाले?